गजभिये साहेबांना घर पसंत पडत नाही

ताजमहाल पाहून ‘हवा खेळत नाही’ म्हणणारा माझ्या ओळखीचा एकच माणूस आहे, आमचे गजभिये साहेब.

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात ते आमच्याच जिन्यात, वर राहतात. मूळचे नागपूरचे, इथे एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. सगळा जन्म सरकारी क्वार्टरमध्ये गेल्यामुळे, दिसेल ती वास्तू आपल्यालाच अलॉट होणार आहे अशा हिशेबाने ते पाहतात. लाल किल्ला त्यांनी ‘झाडून काढणार कोण?’ म्हणून नाकारला. बादशहा वाचला.

गेल्या रविवारी ते, मी आणि माझी बायको मेहरौली पाहायला गेलो. दिल्लीच्या दक्षिण टोकाचं हे फार जुनं शहर. हवेल्या, बागा, कबरी, सगळं एकमेकांच्या अंगावर. गाइड मुलगी नक्षीकामाबद्दल जीव तोडून बोलत होती. साहेब भिंत ठोकून बघत होते.

“मॅडम, इधर किचन कहाँ था?”

“सर, ये तो दीवानखाना था.”

“मतलब, नहीं है.” साहेब आमच्याकडे वळले. “सीलन बघितली का, केवढी ओल आहे? अलॉट झालं तरी घेणार नाही.”

बांधणाऱ्या नवाबाला हे आधी कळतं, तर बिचाऱ्याचा खर्च वाचला असता.

मी हसलो, तशी बायकोने मला कोपराने ढोसलं. तिचंही खरं होतं. शीलावहिनींना, म्हणजे साहेबांच्या पत्नीला, आयुष्यभर एकच हवं होतं: तळमजला आणि दारात चार वाफे. साहेब अर्ज करत राहिले आणि दर वेळी वरचा मजला मिळत राहिला. वहिनी बाल्कनीत कुंड्या मांडत आणि कुंड्यांचं पाणी आमच्या पापडांवर गळे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आता साहेब रिटायर होताहेत. क्वार्टर सोडून नोएडाला मुलाकडे जायचं आहे, सतराव्या मजल्यावर.

मेहरौलीत त्या दिवशी पाहिलेलं शेवटचं घर म्हणजे मुळात थडगंच. कंपनीच्या काळात कुणा इंग्रज अधिकाऱ्याने त्याचाच सुट्टीतला बंगला केला, भोवती बाग फुलवली. साहेबांना कौतुक वाटलं. “सरकारी माणूस आहे. कुठेही संसार थाटतो.”

आता हेही नापसंत होणार म्हणून मी तयारीतच होतो. पण साहेब पायऱ्या उतरून बागेत गेले, वाकून चिमूटभर माती बोटांत चोळली आणि माळ्याला विचारलं, “सुबह की धूप आती है?”

“बिल्कुल आती है, साहब.”



“काय साहेब, इथे काय खोट?” मी चेष्टेने विचारलं.

“काहीच नाही हो. मोगरा छान आला असता तिचा इथे.” त्यांनी चष्मा काढून पुसला.

“घ्यायचं कुणासाठी, ते सोडा,” ते म्हणाले. “पण याला नाही म्हणवत नाही.”