टोपीखालचं अंडं

बाजाराच्या दिवशी रंगनाथराव कुणापुढंही मान लववत नसत. रस्त्यात मोठे डॉक्टर भेटले की आम्ही सगळे कमरेत वाकत असू आणि हे आपले खांबासारखे ताठ. नवी माणसं त्यांना गर्विष्ठ म्हणत. आम्हा जुन्यांना कारण ठाऊक होतं. त्यांच्या काळ्या टोपीखाली कोंबडीचं एक अंडं असे.

उस्मानाबादच्या सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि शेजारच्या प्रयोगशाळेत रंगनाथराव. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा त्यांच्याकडं बरणीतून येई. ते तो मेणात बसवत, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अशा त्याच्या चकत्या कापत, कोमट पाण्यावर पसरवत आणि काचेच्या पट्टीवर अलगद उचलून घेत. मग ती काच निळ्या-गुलाबी रंगात बुडवायची, म्हणजे डॉक्टरांना दुर्बिणीखाली रोग दिसे. पण कोऱ्या काचेवर चकती टिकत नाही, रंगाच्या भांड्यात सुटून जाते. म्हणून काचेला आधी अंड्यातल्या पांढऱ्याचा पुसट हात द्यावा लागे.

आता पंचाईत अशी, की रंगनाथराव तुळजापूरच्या भिक्षुक घराण्यातले. घरात कांदा-लसूणसुद्धा चालत नसे. अंडं पिशवीतून आणावं तर कुणीतरी डोकावणार, म्हणून टोपी. एवढं करून अंडेवाली साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारी, "मालक, एकच का? घरात माणसं न्हाईत व्हय?"

"आहेत. खाणारी नाहीत," हे हळूच म्हणत.

उरलेला पिवळा बलक माझ्या वाट्याचा. मी कुणब्याचा पोर. स्पिरिटच्या दिव्यावर त्याची पोळी भाजून खाई, आणि तेवढा वेळ रंगनाथराव खिडकीकडं तोंड करून उभे राहत.

हे काम ते हैदराबादला एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली शिकले होते. निजामाचं राज्य गेलं, कचेऱ्यांतली उर्दू गेली, पण उस्तादांचं "इत्मिनान", म्हणजे सावकाश, धीरानं, हे ह्यांच्या तोंडून गेलं नाही. चकती पाण्यावर सोडताना इत्मिनान, डॉक्टर घाई करू लागले की इत्मिनान. एकदा औषधांच्या खोलीत साप निघाला. आम्ही टेबलावर चढलो, तर हे सापालाच इत्मिनान म्हणाले.

अशा माणसानं जन्मात एकदाच घाई केली आणि ती त्याला भोवली. बाजारात गावाकडचा कुणी भेटला आणि म्हणाला, "तुमच्या आईला बरं नाही." हे तसेच मोटारीत बसले. घरी पोचले तर ताप उतरलेला, म्हातारी स्वयंपाकघराच्या दारात बसलेली. ह्यांना इतकं हायसं वाटलं, की धावत जाऊन त्यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. टोपी सुटली आणि अंडं आईच्या पावलावर फुटलं.

"खात नाही गं आई," हे कळवळून म्हणाले. "माणसाच्या मांसाला लावतो."

ह्या खुलाशानं उरलंसुरलंही गेलं. म्हातारी उठून आंघोळीला गेली. त्या दिवसापासून रंगनाथरावांचं ताट ओसरीवर आलं. आई वाढायची, पण वरून, न शिवता. ह्यांचं लग्न झालेलं नव्हतं. आई हेच काय ते घर. सुट्टी मिळाली की तुळजापूरला जायचे, ओसरीवर जेवून परत यायचे. मी त्यांची टिंगल करत असे. एकदा ते म्हणाले, "माणिकराव, मला दुसरं काही नको. एकदा तिनं 'आत ये' म्हणावं." मग मी टिंगल सोडली.

पुढं म्हातारीच्या छातीत गाठ झाली. लाजेपायी तिनं ती लपवली आणि दवाखान्यात आली ती फार उशिरा. ऑपरेशन झालं. बरणी रंगनाथरावांच्या टेबलावर आली. डॉक्टर म्हणाले, "सोलापूरला पाठवू." हे म्हणाले, "नको. इथंच करतो."

त्या दिवशी ते इत्मिनान म्हणाले नाहीत. काचेला पांढऱ्याचा हात दिला, पुसला, पुन्हा दिला. मी बलक मोरीत ओतला. डॉक्टरांनी काच पाहिली आणि त्यांच्या खांद्यावर नुसता हात ठेवला. रंगनाथराव भांडी धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी म्हातारीनं मला खाटेजवळ बोलावलं. "खरं सांगा. माझ्या अंगाचं ते कुणी हाताळलं?"

"रंगनाथरावांनी, काकू."

"अंडं लावलं?"

"लावलं. न्हाय लावलं तर टिकत न्हाय."

तिनं छातीवरची पट्टी चाचपून पाहिली. मग म्हणाली, "लहानपणी माझा पदर सोडत नव्हता. मला घरी जाऊ द्या. चुलीपुढं पाट मांडून जेवू घालते त्याला."

ती घरी गेली नाही. खाटेवरच गेली.

वर्ष उलटल्यावर एकदा मी रंगनाथरावांबरोबर तुळजापूरला गेलो. त्या घरात आता त्यांचा चुलतभाऊ राहत होता. त्याची बायको दारातून म्हणाली, "भावजी, आत या की. पाट मांडलाय."

"इथंच बरं आहे वहिनी," म्हणून ते ओसरीवर माझ्याशेजारी बसले. मी ओसरीवरचाच पाहुणा, पण ह्यांना काय झालं होतं? मला राग आला. मी म्हणालो, "अहो, म्हातारी शेवटी काय म्हणाली ते मी तुम्हाला कितीदा सांगितलं."

"ती तुम्हाला म्हणाली, माणिकराव. मला म्हणायची राहिली."

वहिनींनी ताटं आणली. रंगनाथरावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि आतून दिसेल अशी, स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड करून उलटी ठेवली. टोपीत काही नव्हतं. मग त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि खाली मान घालून जेवायला सुरुवात केली.