भुजंगरावांची जगप्रदक्षिणा आणि गोदाक्कांचं बंदर

एका जंगलात फारसं काही घडत नसे. त्यामुळे तिथले सगळे प्राणी फार घाईत असत.

त्या जंगलात भुजंगराव नावाचं एक अस्वल राहत होतं. मधखात्यातून निवृत्त झाल्यावर भुजंगरावांनी शिडाची बोट घेतली आणि जाहीर केलं, की आपण जगप्रदक्षिणेला निघालो आहोत. मुलांनो, जंगलात बोट कशी आली, असं विचारू नका. निवृत्त अस्वलाला कोणी काही विचारत नाही.

बरोबर त्यांच्या पत्नी गोदाक्का होत्या. भुजंगराव सुकाणू धरायचे. शीड चढवणं, शीड उतरवणं, दोर आवळणं आणि पिठलं ढवळणं एवढंच गोदाक्का करायच्या. वाटेत कोणी भेटलं की भुजंगराव सांगत, "बोट मी चालवतो. ही सोबतीला."

वाटेत सुंदर बेटं येत आणि मागे जात. गोदाक्का म्हणत, "अहो, जरा उतरू या का?"

"आपण जग बघायला निघालोय," भुजंगराव म्हणत. "असं मध्ये मध्ये थांबलो तर बघून कधी होणार?"

पण ग्रीसजवळ प्यायचं पाणी संपलं, आणि नाइलाजाने कालोव्हाथी नावाच्या बंदरात शिरावं लागलं.

तिथे बोटी धक्क्याला पाठ लावून उभ्या करतात. आधी पाण्यात नांगर टाकायचा, मग मागे मागे येत धक्क्याला टेकायचं. भुजंगरावांनी आपला नांगर बरोबर शेजारच्या बोटींच्या नांगरांच्या साखळ्यांवर टाकला. धक्क्यावर मांजरं बसली होती. त्या गावात सल्ला द्यायचं काम मांजरांकडे असतं. निम्मी म्हणाली डावीकडे घ्या, निम्मी म्हणाली उजवीकडे. भुजंगरावांनी कुणाचंच ऐकलं नाही आणि ते धक्क्यावर आदळले.

"पाणी भरायचं आणि निघायचं," ते म्हणाले.

"आज नाही," पावलोस म्हणाला. पावलोस पेलिकन होता आणि बंदराची देखरेख त्याच्याकडे होती. "उत्तरेचा वारा सुटलाय. तो पडेपर्यंत कोणी बाहेर जात नाही."

"कधी पडेल?"

"पडला की कळतं."

धक्क्यावर कातेरीना नावाच्या शेळीची खाणावळ होती. गोदाक्का तिथे जाऊन बसल्या. दोघींची भाषा वेगळी होती, पण नवरे सारखे होते, त्यामुळे बोलणं कुठे अडलं नाही. कातेरीनाने घट्ट दही आणि मध पुढे ठेवला. गोदाक्कांनी आयुष्यभर नवऱ्याच्या खात्यातला मध खाल्ला होता. त्यात एवढी चव असते हे त्यांना आत्ता कळलं. मग त्या गल्लीबोळांतून हिंडल्या. पांढऱ्या भिंतीला टेकून उन्हात बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या गावाचं नाव नीट म्हणायला शिकल्या. भुजंगरावांना ते शेवटपर्यंत जमलं नाही.

ते धक्क्यावर येरझाऱ्या घालत होते. "जंगलात लोक वाट बघतायत. मी अजून इथेच आहे हे कळलं तर काय म्हणतील?" शेवटी त्यांनी फर्मान काढलं. "चल, निघू या."

"अहो, वारा पडू द्या की."

"ग्रीसच्या वाऱ्याला विचारून मी निघायचं?"

"मग मी नाही येत," गोदाक्का म्हणाल्या. हे वाक्य त्या पहिल्यांदाच म्हणत होत्या. त्यांच्याच कानांना ते नवं वाटलं.

भुजंगरावांनी नांगर ओढला. त्याबरोबर शेजारच्या सगळ्या बोटींचे नांगरही वर आले. बोटी एकमेकींवर आपटू लागल्या, मांजरं उठून उभी राहिली, आणि त्या गोंधळातून भुजंगराव बाहेर पडले.

बाहेर त्यांनी हाताला लागेल तो दोर ओढून कसंबसं शीड चढवलं. वाऱ्याने ते फुगलं आणि बोट थेट खडकांकडे धावली. आता शीड उतरवायला हवं होतं. कुठला दोर सोडायचा, हे भुजंगरावांना माहीत नव्हतं. त्यांनी सुकाणू आणखी घट्ट धरलं.

धक्क्यावर गोदाक्कांचा राग कुठल्या कुठे गेला. "पावलोस, तुझी होडी काढ," त्या म्हणाल्या आणि तो हो म्हणायच्या आत होडीत बसल्या. लाटांनी दोघं चिंब झाली. खडक अगदी जवळ आले, तेव्हा गोदाक्कांनी बोटीवर उडी मारली, दोर सोडला, आणि अख्खं शीड भुजंगरावांच्या डोक्यावर येऊन पडलं. पावलोसने बोट ओढत बंदरात आणली.

"मी वळवतच होतो," शिडाखालून आवाज आला.

गोदाक्का थरथरत होत्या. ते वाक्य ऐकलं आणि थरथर थांबली.

वारा पडला तेव्हा भुजंगराव म्हणाले, "चल."

"तुम्ही जाऊन या," गोदाक्का म्हणाल्या. "मी इथे राहते. जग गोलच आहे, कधीतरी इथूनच जाल."

भुजंगरावांनी बोट मालवाहू जहाजावर चढवली, स्वतःही चढले आणि जंगलात परतले. तिथे त्यांचं 'एकट्याने जगप्रदक्षिणा' या विषयावर व्याख्यान झालं. शाल मिळाली, नारळ मिळाला. एका मुंगसाने विचारलं, "ग्रीस कसा आहे हो?"

"खडकाळ आहे," भुजंगराव म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

तिकडे कालोव्हाथीत गोदाक्का सकाळी खाणावळीत दही लावतात आणि दुपारी पावलोसच्या पिल्लांना शीड उतरवायला शिकवतात. एकदा कातेरीनाने विचारलं, "तुझा नवरा हल्ली काय करतो?"

"जग बघतोय," गोदाक्का म्हणाल्या आणि तिच्या वाटीत आणखी थोडा मध घातला.

तात्पर्य: मुलांनो, जग बघायचं असेल तर एखाद्या बंदरात थांबा. जग बघितल्याबद्दल सत्कार हवा असेल, तर मात्र कुठेही थांबू नका, विशेषतः बोलताना.