सहावीला न येणारे अपूर्णांक

पिठाच्या डब्याचं झाकण फरशीवर पडलं, गरगरत भिंतीपर्यंत गेलं आणि आडवं होईस्तोवर वाजत राहिलं. खोडाळ्याच्या त्या घरात पहाटेपासून जपलेली शांतता तिथेच संपली. हर्षदाची दीड वर्षांची लेक जागी झाली. हर्षदाने पाठाच्या टाचणांची वही मिटली आणि तिला कडेवर घेतलं.

"आण तिला इकडं," सासू गोदाबाई म्हणाल्या. "तुझी ती फुकटची शाळा असंल ना?"

"फुकटची नाही आई, स्वयंसेवा."

"तेच ते."

स्वयंसेवा पूर्णपणे ऐच्छिक होती. हर्षदा शिकत होती त्या अध्यापक विद्यालयाच्या परिपत्रकात तसं ठळक अक्षरांत नमूद होतं. भावी शिक्षकाने स्वयंस्फूर्तीने साठ तास सहावीला गणित शिकवावं; ज्यांना स्फूर्ती होणार नाही त्यांचा परीक्षा अर्ज स्वीकारला जाणार नाही. लेकीच्या जन्मामुळे हर्षदाचं एक वर्ष आधीच गेलं होतं. दुसरं घालवायचं नसल्याने तिला भरपूर स्फूर्ती झाली.

सूर्यमाळच्या अंगाला एका पाड्यावरची शाळा तिच्या वाट्याला आली. सहावीत एकोणीस मुलं. अपूर्णांक म्हटलं की सगळी खिडकीबाहेर बघत. हर्षदाने पुस्तक बाजूला ठेवलं आणि घरची धान्याची मापं नेली. चार शेरांची पायली, हे त्या पोरांना पाटी हातात येण्याआधीपासून ठाऊक होतं.

"अर्धी पायली नागली, वर एक शेर. किती झाली?"

"पाऊण पायली!" वर्ग ओरडला.

"मग अर्धा अधिक पाव?"

पोरं मापांकडे बघू लागली. मग पुतळी म्हणाली, "बाई, हे तेच हाय? मग इतके दिवस का नाय सांगितलं?"

महिन्याभरात अठरा मुलं तोंडी उत्तरं देऊ लागली. एकोणिसावी गंगी. ती मापं शिगोशीग भरायची, पण आकडा लिहायची वेळ आली की तिचा हात थिजायचा.

इथे हर्षदाच्या हातून गंभीर चूक झाली होती. तिने मुलांना वेळेआधी शिकवलं होतं. आधी स्वयंसेवेचे तास मोजणाऱ्या सरकारी अ‍ॅपवर पूर्वचाचणी, मगच शिकवणं, असा क्रम होता. पण पूर्वचाचणीची लिंक महिनाभर उघडलीच नाही. उघडली तेव्हा अठरा जणांना पैकीच्या पैकी मिळाले. अ‍ॅपने शेरा दिला : 'वर्ग प्रगत. स्वयंसेवेची गरज नाही. ग्राह्य तास : शून्य.'

मुख्याध्यापक रोहिदास सर हबकले. "ताई, काय करून बसलात हे? ज्यांना आधीच येतंय त्यांना शिकवलंत असं दिसतंय!"

"सर, मी शिकवलं म्हणून येतंय."

"त्याला रकाना नाही."

सर मनाने चांगले. फेरचाचणीची एक संधी असते, हे त्यांनीच शोधून काढलं. अट एवढीच, की वर्ग 'प्रारंभिक स्तरावर' आढळला पाहिजे, म्हणजे कोणाला काही येता कामा नये. शिवाय टॅबचा कॅमेरा मुलाचा चेहरा टिपत असल्यामुळे सरांना मुलांच्या वतीने चुकता येत नव्हतं.

"आठवडाभर कसून तयारी घ्या," सर म्हणाले. "पोरं नीट चुकली पाहिजेत."

पहिल्या सरावात सगळ्यांनी शून्य लिहिलं. सरांनी नापसंतीने मान हलवली. सारखी चूक म्हणजे सामूहिक नक्कल. अ‍ॅप लगेच धरतं. चूक ज्याची त्याची स्वतंत्र हवी. मग असं ठरलं, की आधी बरोबर उत्तर काढायचं, त्यात आपला हजेरी क्रमांक मिळवायचा आणि येईल ते लिहायचं.

"सकूचं बरं हाय," लक्ष्या कुरकुरला. "तिचा नंबर एक. पटकन चुकते."

त्या आठवड्यात सहावीचा वर्ग पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची बेरीज शिकला, तीही तोंडी. सातवीची मुलं दाराशी येऊन टकामका बघत राहिली.

शुक्रवारी फेरचाचणी झाली. अठरा जण बिनचूक चुकले. गंगी मात्र पाचव्या प्रश्नावर थांबली. तिने डोळे मिटून ओठांत मापं भरली, शेर, आणखी शेर, आणखी एक, आणि टॅबवर तीन छेद चार उमटवलं. तिचं पहिलं बरोबर उत्तर. त्या आनंदात हजेरी क्रमांक मिळवायचा राहून गेला.

अ‍ॅप थबकलं. 'प्रारंभिक स्तरावरील वर्गात एक उत्तर बरोबर. कारण निवडा.' खाली दोन पर्याय होते : 'नक्कल' आणि 'चाचणी रद्द'.

"सर, यात 'तिला आलं' असं कुठे आहे?"

"ताई, प्रारंभिक स्तरावर कोणाला येत नसतं," सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "रद्द केलीत तर तुमचं वर्ष जाईल. नक्कल दाबा. पोरीचं काय जातंय?"

हर्षदाने थोडा वेळ बोट तसंच धरून ठेवलं. मग दाबलं.

साठ तास ग्राह्य झाले. पडद्यावर अभिनंदनाची फुलं उधळली गेली. ती विरल्यावर मुलांची यादी आली आणि शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या गंगीने आपल्या नावापुढची तांबडी अक्षरं बोट लावून, एकेक जोडून वाचली.

"बाई," ती म्हणाली, "सगळ्यांचं तर चूक होतं. मग मी कोणाचं बघून लिहिलं?"