प्रिझर्व्ह केलंस ना?

अमेरिकेत, आमच्या एडिसनमध्ये कुणी मोठं घर घेतलं की लोक गिफ्ट नेतात. आमचे अप्पाकाका प्रश्न नेतात. "मोठं केलंस, छान. पण प्रिझर्व्ह केलंस ना?" माझं वजन वाढलं तेव्हा तेवढे गप्प बसले, हीच कृपा.

अप्पाकाका आमचे शेजारी, रिटायर्ड प्रोग्रामर. जन्म गेला एका जुन्या स्क्रिप्टिंग भाषेत. तिथे अ‍ॅरे, म्हणजे ओळीने मांडलेले डबेच समजा, वाढवताना 'प्रिझर्व्ह', म्हणजे 'आधीचं जपून ठेव', हा शब्द लिहायचा राहिला, तर डबे वाढतात पण आधीचे सगळे रिकामे होतात. एरर नाही, काही नाही! मंडळाच्या गणपतीच्या जेवणाच्या यादीची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, अजून काकांचीच. कुणाला काय पथ्य, कुणाला गाडी हवी, सगळं त्यात.

यंदा माणसं वाढली. माझा नवरा मंदार म्हणाला, "काकांना कशाला त्रास? दोन मिनिटांचं काम आहे यार." आणि खरंच दोन मिनिटांत त्याने सगळी नावं उडवली. वर फाइल सेव्हही केली. बॅकअप? "घेणारच होतो," म्हणे. जेवण दुसऱ्या दिवशी! अ‍ॅलर्जीवाल्या कुणाच्या पानात दाण्याचं कूट गेलं तर? मी धावत जाऊन काकांना बोलावलं.

काका आले. स्क्रीन पाहून नुसतं "शब्द राहिला" म्हणाले, कमी साखरेचा चहा मागितला आणि डोळे मिटून सांगू लागले. "सुमनमावशी. दाणे बंद. जावई आणतो, गाडी नको. पुढे जोशी. हल्ली कांदा-लसूण सोडलंय. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दाराजवळ बसव..." अहो, मी थक्क! माणूस आहे की सर्व्हर? मंदारची बोटं दुखायला लागली, काका थांबेनात.

"काका, एवढं पाठ कसं?"

"पाठ कुठलं? रोज संध्याकाळी एकदोघांना फोन करतो. तेवढाच घरात आवाज."

मी यादीवरून नजर फिरवली. मग लक्षात आलं, सगळे आले, काकांचंच नाव नाही.

"आणि तुम्ही?"

"मी काय, असतोच." कप बाजूला सरकवत म्हणाले, "गाडी मात्र हवी. डोळ्यांपायी ड्रायव्हिंग बंद झालंय."

भिंतीला भिंत लागून राहतो आणि आम्हाला पत्ता नाही! लाज वाटली मला. मंदारला उठवून मीच टाइप केलं: अप्पाकाका, गोड कमी, गाडी आमची. त्यांच्यासाठी अ‍ॅरे एका जागेने वाढवला.

काका पुढे सरकले, चष्मा सारखा केला आणि पहिल्यांदाच जरा घाबरत म्हणाले, "प्रिझर्व्ह केलंस ना?"

"केलं काका," मी म्हटलं, आणि त्यांचं नाव त्यांना दाखवलं.