कपाटातली फ्रान्सची बाई

अख्ख्या करवीर राज्यात कुस्त्यांचा, शिकारीचा, घोड्यांचा शौक करणारे पुष्कळ. पण फ्रान्समधल्या जुन्या, हातानं रंगवलेल्या बशा जमवणारा असा मी एकटाच! छावणीतला कुणी साहेब विलायतेला निघाला, की त्याच्या सामानाच्या लिलावात मी सगळ्यांच्या आधी हजर!

त्या खेपेला तर घबाडच लागलं. बशीवर फ्रान्सच्या खेड्यातली बाई रंगवलेली. पांढरी टोपी, निळा घागरा, आणि गाल असे लाल, की जणू आत्ताच लवंगी मिरची चावलीय! आमची तानाबाई माहेरी, कोडोलीला गेलेली. मैदान मोकळं!

परसात शेजारचे फक्रुद्दीनभाई दिसले. मला कुठला धीर!

"भाई, फ्रान्सची बाई आणलीया!"

"व्हय? जुनी का नवी?"

"जुनी! पण कुठं टवका न्हाय! कपाटात ठेवलीया. तानाबाईला कळू देऊ नका."

भाईंना माझा शौक ठाऊक. पण भिंतीपलीकडं भांडी घासणाऱ्या बयाबाईंना कुठला ठाऊक? त्यांनी राखेचे हातसुद्धा धुतले नाहीत. दुपारच्या बैलगाडीनं बातमी कोडोलीला!

दुसऱ्या दिवशी दारात तानाबाई. मागं तिचा भाऊ पिराजी; तालमीतला गडी, आमच्या दारातून आत यायचं तर त्याला आडवं व्हावं लागतं!

"कुठं हाय ती फ्रान्सवाली?" तानाबाई कडाडली.

मला वाटलं, लिलावाचं कळलं. "अगं, रागावू नकोस. लई स्वस्तात मिळाली!"

"ऐकलंस, पिराजी?"

"दाजी, बाई हाय कुठं?"

"कपाटात."

"कोंडून घातलीया? जीव जाईल की तिचा!"

मी किल्ली काढेपर्यंत पिराजीनं कपाटाला धोबीपछाड घातली होती! घरभर खळ्ळकन आवाज घुमला. पिराजी तुकड्यांत वाकून बघतोय.

"दाजी, पळाली वाटतं!"

मी मटकन खाली बसलो. बाईची टोपी माझ्या हातात, गाल तानाबाईच्या पायाशी. "हीच ती," मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "बशीवरची!"

तानाबाईनं तो गाल उचलून निरखला आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. पिराजी हळूच दाराआड झाला.

कपाटाच्या तळाशी एकच बशी धड सापडली. तिच्यावर रुंद टोपीचा, बासरी वाजवणारा फ्रेंच गडी.

"ह्यो ऱ्हाऊ द्या," तानाबाई म्हणाली. "दिसायला बरा हाय."

आता तो स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो. रोज सकाळी ती त्याला पदरानं पुसते.

माझा फेटा? तो अजून माझा मीच झटकतो!