काशीरामचा धोंडा

हरिहर बिवलकरांना कावीळ झाली हे दापोलीत डॉक्टरांच्या आधी मैनाताईंना कळलं. मैनाताई शेजारच्या. कुंपणापलीकडून त्यांनी हरिहरांच्या डोळ्यांकडे एकदा निरखून बघितलं, "अगोबाई" म्हणाल्या आणि घरात न जाता थेट रस्त्याला लागल्या. हरिहर रक्त तपासायला देऊन परत येईपर्यंत ओटीवर पाच माणसं समाचाराला बसलेली होती.

आपल्याकडे काविळीवर औषध नाही असं घर नसतं. कुणी दंडाला बांधायची मुळी आणली, कुणी ताकातून घ्यायचा पाला, तर कुणी नुसताच एक पत्ता आणला, जिथं म्हणे एक बाई डोळ्यांत बघून कावीळ उतरवते. आणि हरिहरांनी उभ्या आयुष्यात कुणाला 'नको' म्हटलेलं नव्हतं. तीस वर्षं जमीनमोजणीच्या कचेरीत नोकरी केली तीसुद्धा 'बघू' या एका शब्दावर. त्यांच्या बायकोनं, सुनेत्राबाईंनी, दारात खुर्ची टाकून पहारा केला. पण एका दुपारी त्या गिरणीत गेल्या आणि तेवढ्यात मैनाताई हिरव्या रसाची वाटी घेऊन आल्या. हरिहर "बघू" म्हणाले आणि प्याले. उतरत आलेली कावीळ दोन दिवसांत दुप्पट झाली.

डॉक्टर भडकले. "बिवलकर, लिव्हर म्हणजे तुमची कचेरी नाही, कुणीही यावं आणि अर्ज टाकून जावं." मग सुनेत्राबाईंना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "पुन्हा एकदा असलं काही पोटात गेलं तर मुंबईला न्यावं लागेल. आणि तिथं नेऊनही मी शब्द देणार नाही. पंधरा दिवस यांना माणसांपासून लांब ठेवा."

सुनेत्राबाई त्या रात्री नातेवाईक आठवत बसल्या. चिपळूणच्या नणंदेचे दीर वैदू. गुहागरच्या भावाच्या परसात काविळीच्या पाल्याचं तेच ते झाड. केळशीच्या काकू तर मुळी उगाळूनच दारात उभ्या राहणार. सकाळी त्यांनी बहिणीच्या मुलाला, अजिंक्यला, बोलावलं. अजिंक्य चाळिशीचा. किनाऱ्यावर पुण्याच्या पर्यटकांना तंबू भाड्यानं देणं हा त्याचा धंदा.

"मावशी, ही माझी लाईन आहे," तो म्हणाला. "रानात अशी जागा काढतो की काकांना स्वतःचा श्वास ऐकू येईल."

"सावली हवी, पाणी हवं, गाडी जायला हवी. आणि माणूस नको. एकही," सुनेत्राबाई म्हणाल्या. "पण मोबाईलला रेंज हवी. काही झालं तर डॉक्टरांना फोन तरी लागला पाहिजे."

"एकांत आणि रेंज, दोन्ही?"

"दोन्ही."

ही शेवटची अट घालताना आपण काय मागतोय हे त्यांना कळलं नाही. अजिंक्यलाही कळलं नाही, आणि ती तर त्याची लाईन होती.

पहिली जागा केळशीजवळ, सुरूच्या बनात. रेंज उत्तम होती, पण अर्ध्या तासात दोन जीपगाड्या आल्या आणि एका टोळक्यानं झाडाला स्पीकर टांगला. दुसरी मंडणगडच्या बाजूला डोंगरात. तिथं माणूस नव्हता, कुत्रं नव्हतं, शांतता अशी की अजिंक्यला आपल्या पोटातल्या पोह्यांचं काय चाललंय तेही ऐकू आलं. रेंज मात्र नव्हती. ती शोधायला तो आंब्यावर चढला आणि लाल मुंग्यांनी त्याला रेंज न मिळताच खाली पाठवलं.

तिसरी जागा आत, दापोलीपासून तासाभरावर, पाटाच्या वाडीवरचा सडा. जांभ्या दगडाचं उघडं पठार, मध्ये एक जांभळीचं भलं मोठं झाड, खाली झरा, बैलगाडीची वाट. येताना दरीभर कुठंही फोन लागत नव्हता. जांभळीखाली आल्यावर मोबाईलवर रेंजच्या चार काड्या.

सुनेत्राबाई जातीनं बघायला गेल्या. सकाळचे अकरा वाजले होते. चिटपाखरू नव्हतं. झाडाखालची जमीन तर कुणी रोज झाडावी अशी स्वच्छ होती. दगड गोळा करायचे म्हटलं तर तेही कुणीतरी आधीच गोलात मांडून ठेवलेले, बसायला घासून गुळगुळीत.

"हे दगड कुणी मांडले रे?" त्यांनी विचारलं.

"गुराखी असतील, मावशी."

"गुरं कुठं दिसत नाहीत."

"म्हणजे बघ किती शांत जागा आहे. गुरंसुद्धा येत नाहीत."

सुनेत्राबाईंना ते पटलं. नवऱ्याच्या काळजीनं माणसाला काहीही पटतं.

सोमवारी दुपारी झाडाच्या बुंध्याशी, सगळ्यात सपाट जागी, एक धोंडा आत घेऊन तंबू ठोकला. हरिहरांना दोघांनी धरून आत नेलं. ते इतके खंगले होते की खाटेवरून मोरीपर्यंत जाताना मध्ये एकदा बसत. पण सड्यावर वारं लागलं, वाटीभर पेज पोटात गेली आणि ते झोपले. सुनेत्राबाई तंबूच्या दाराशी बसून नवऱ्याचं घोरणं ऐकत राहिल्या. महिन्यात प्रथमच त्यांचे डोळे भरून आले. अजिंक्य समाधानानं गाडी घेऊन गेला.

पाच वाजता वाटेवरून एक म्हातारी आली. कमरेला खोचलेल्या फडक्यातून तिनं मोबाईल काढला, एका दगडावर बूड टेकलं आणि नंबर लावला.

"आरं संदेश, जेवलास काय? काय खाल्लंस? फरसबी? फरसबीनं काय व्हतंय, मासं खा जरा."

फोन स्पीकरवर होता. ही सोनूबाई. तिच्या मागून दोन बायका आल्या, मग तीन पुरुष, मग टॉर्च आणि चटई घेऊन एक अख्खं कुटुंब, आणि मागून वाडीतली दोन कुत्री. साडेपाचपर्यंत जांभळीखाली चौदा माणसं बसली होती. प्रत्येकाचा दगड ठरलेला, आणि प्रत्येकजण मुंबईला ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलत होता.

सुनेत्राबाई तरातरा जाऊन सोनूबाईंसमोर उभ्या राहिल्या. "अहो, इथे आजारी माणूस आहे. तुम्ही सगळी इथे कशी?"

"मंग कुठं जाऊ?" सोनूबाईंनी शांतपणे विचारलं. "रेंज हितंच हाय. खाली वाडीत फोन म्हंजे नुसती बॅटरी. पोरं सगली मुंबयला, पाचला सुटतात. तवा ही आमची टायमिंग." मग त्यांनी तंबूकडे बघितलं. "पन तुमी काशीरामच्या धोंड्यावं बसलाव."

काशीराम मागेच उभा होता, साठीचा, टोपी हातात घेऊन. "माफी करा, बाय. तसं काय न्हाय. पन माजं कार्ड दुसऱ्या कंपनीचं. त्याला आक्ख्या सड्यावर येकाच जागी काडी येते. ती जागा तुमच्या तंबूत गेलीय."

आजारी माणसाच्या तंबूत परक्याला घ्यायचं का, यावर सुनेत्राबाई विचार करत होत्या तेवढ्यात आतून हरिहरांचा आवाज आला. "बघू."

काशीराम आत गेला. धोंडा नेमका उशीपाशी होता. त्यावर तो अंग चोरून बसला आणि मुलाला फोन लावला.

"रितेश, बोल बाबा."

"बाबा, येक सांगायचं हुतं. रागवू नका. मी ना..."

आणि काडी गेली. काशीरामनं फोन हलवला, वर धरला, कपाळाला लावला. मग टोपी घालून म्हणाला, "आठ दिस ह्येच चाललंय. नेमकं हितंच तुटतंय. नोकरी गेली, का पोरगी बगितलीन, का काय झालंय, कलत न्हाय. येतो साहेब."

हरिहर छताकडे बघत पडून राहिले. त्यांना वाटलं होतं डोळा लागेल. लागला नाही.

सुनेत्राबाईंची खरी काळजी आवाजाची नव्हती, औषधांची होती. ती दुसऱ्या संध्याकाळी खरी ठरली. चौदा माणसांनी चौदा ठिकाणी सांगितलं होतं, की सड्यावर दापोलीचे एक साहेब आलेत आणि त्यांना कावीळ झालीय. मुंबईहून उत्तरं आली होती. स्पीकरवरून संदेशनं आईला कुठल्या झाडाची साल आणायची ते सविस्तर सांगितलं. तिसऱ्या दिवशी प्रत्येकजण फोनसोबत पुडी घेऊन वर आला. सुनेत्राबाई तंबूच्या दारात पाय रोवून उभ्या राहिल्या आणि एकेक पुडी हसून घेत गेल्या, आणि सगळी निघून गेल्यावर त्या पुड्या झऱ्यात, पाणी भरायच्या जागेच्या खालच्या अंगाला, सोडून आल्या. नंतर दोन दिवस झऱ्यातल्या खेकड्यांचं काय झालं, कुणास ठाऊक.

तंबूत जायची मुभा फक्त काशीरामला होती. त्याचे हात त्या आधी तपासत.

"काय म्हणाला रितेश?" तिसऱ्या दिवशी हरिहरांनी आपणहून विचारलं.

"म्हनाला, बाबा, मी ठरवलंय की... आन् ग्येली."

"थोडं डावीकडे सरकून बघा," हरिहर कोपरावर उठून म्हणाले.

चौथ्या संध्याकाळी रिक्षाचा आवाज आला. रिक्षातून मैनाताई उतरल्या. हातात थर्मास. संदेश ज्या बिल्डिंगच्या लिफ्ट सांभाळतो तिथं मैनाताईंचा भाऊ राहतो, हे सुनेत्राबाईंना कसं माहीत असणार?

"अहो, घराला कुलूप बघून माझा जीव उडाला," मैनाताई म्हणाल्या. "न सांगता रानात येऊन पडलात. बरं झालं भावानं कळवलं. ताजा रस काढून आणलाय."

सुनेत्राबाई तेव्हा खाली झऱ्यावर कळशी भरत होत्या. खालून त्यांनी मैनाताईंची साडी तंबूत शिरताना पाहिली. कळशी तिथंच टाकून त्या चढ चढू लागल्या. त्यांना धाप लागली, पाय घसरला, गुडघा फुटला. डोळ्यांपुढे फक्त हिरवी वाटी आणि मुंबईचा रस्ता. त्या दाराशी पोचल्या तेव्हा मैनाताईंनी वाटी भरून हरिहरांच्या ओठांजवळ नेली होती. उशीपाशी काशीराम एक हात कानावर ठेवून ओरडत होता, "बोल रितेश, आयकतोय."

"एका दमात घ्या," मैनाताई सांगत होत्या. "मागच्या वेळी तुम्ही घुटके घेत बसलात, म्हणून उलटलं. आमच्या वन्संच्या सासऱ्यांना तर..."

"मैनाताई," हरिहर म्हणाले, "जरा गप्प बसा."

मैनाताई गप्प बसल्या. असं त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि ते नको. न्या परत."

सुनेत्राबाई दाराची दोरी धरून खाली बसल्या. सव्वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडून हा शब्द त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. इतक्यात काडी गेली.

"काय म्हणाला?" हरिहरांनी विचारलं.

"म्हनाला, फुडच्या आठवड्यात..."

हरिहरांनी मैनाताईंकडे असं बघितलं की त्या थर्माससकट रिक्षात जाऊन बसल्या.

तरी सुनेत्राबाईंनी अजिंक्यला फोन करून झाप झाप झापलं. अजिंक्य आला, डोकं खाजवत उभा राहिला. तोडगा सोनूबाईंनी काढला.

"शांत पायजे ना? मंग आमच्या पडवीत चला. पाचच्या नंतर वाडीत कुत्रंसुदीक नसतं. तीबी आमच्यासंगं वर येतात. डाक्टरला फोन लावायचा तर सडा हाय की वर."

पाचव्या दिवशी सगळं सामान खाली आलं. वाडीच्या मधोमध सोनूबाईंची सारवलेली पडवी. आणि खरंच, पाच वाजले तशी वाडी रिकामी झाली. मोबाईल मेलेला. कुणी हाक मारेना. अशी शांतता सुनेत्राबाईंनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. हरिहर रोज पेज प्यायचे, पडायचे आणि पाच वाजल्यापासून कूस बदलत राहायचे. रोज रात्री काशीराम उतरला की एकच प्रश्न. आणि काशीराम रोज मान हलवायचा.

दहाव्या दिवशी दापोलीला नेऊन रक्त तपासलं. डॉक्टर खूश झाले. त्याच संध्याकाळी सुनेत्राबाई पेज घेऊन पडवीत आल्या तर खाट रिकामी. चपला नाहीत. कोपऱ्यातली सोनूबाईंची काठी नाही.

त्या धावत चढाला लागल्या. अर्ध्या वाटेवर एका दगडावर हरिहर बसलेले होते, घामानं निथळत, काठीवर हनुवटी टेकून.

"अहो, हे काय? मोरीपर्यंत जाताना बसत होतात तुम्ही."

"आता इथं बसलोय," हरिहर म्हणाले. "चल. काशीराम म्हणालाय आज वारं पडलंय, काडी टिकेल."

सुनेत्राबाईंनी त्यांचा एक हात धरला. दोघं वर पोचली तेव्हा काशीराम आपल्या धोंड्यावर बसला होता आणि बाकीचे तेरा जण आपापले फोन बंद करून त्याच्याभोवती उभे होते. स्पीकर चालू होता. काडी टिकली होती.

"...तर मुंबईची नोकरी सोडली, बाबा. रागवू नका. टॉवरच्या कंपनीत लागलोय. फुडच्या आठवड्यात जागा बगायला येतोय. टॉवर आपल्याच वाडीत बसनार. आता तुमाला सड्यावं चढायला नको. घरात बसून बोला."

काशीरामनं टोपीनं डोळे पुसले. "ये बाबा," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. सोनूबाईंनी आपल्या दगडावरून हात फिरवला. कुत्री एकमेकांकडे बघत राहिली. अजिंक्यनं शोधलेली ती शांतता अखेर सड्यावर आली होती, आणि चौदाच्या चौदा माणसांना ती सोसवत नव्हती.

शेवटी काशीराम हरिहरांकडे वळला. "साहेब, तुमी मोजनीच्या कचेरीत हुतात ना? टॉवरच्या जागंची मोजनी करावी लागल. किती दिस लागतात तिला?"

हरिहरांनी जांभळीकडे बघितलं. मग गोलात मांडलेल्या दगडांकडे.

"लावले तर पुष्कळ लागतात," ते गंभीरपणे म्हणाले.

सोनूबाईंनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "मंग लावा की."

"बघू," हरिहर म्हणाले, आणि एक रिकामा दगड बघून त्यावर बसले.