निर्मलाताईंचे जोडीदार

निर्मलाताईंना कधी अंगठा दाखवू नये. कौतुकानेसुद्धा. बडोद्यातल्या आमच्या कारेलीबागच्या सोसायटीत नवीन आलेल्या माणसाला हे ठाऊक नसतं. ताई जिना उतरत असतात, तो चढत असतो. तो विचारतो, "केम छो बेन?" ताई म्हणतात, "मजामां." तो खूश होऊन अंगठा वर करतो. झालं. ताई पिशवीसकट वळतात, चार पायऱ्या वर चढून थांबतात आणि शांतपणे सांगतात, "अंगठा म्हणजे वर चला. सगळं ठीक आहे म्हणायचं असेल तर असं." मग अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करून दाखवतात. समोरचा बिचारा गोल करतो. तो नीट जमला की ताई पुन्हा खाली निघतात.

ही पाण्याखालची भाषा. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरणाऱ्यांच्या तोंडात नळी असते, त्यामुळे सगळं खुणांनी बोलायचं. आता बडोद्याला समुद्र कुठला? विश्वामित्री आहे, पण तिच्यात मगरी आहेत. ताईंच्या घराण्याचंही पाण्याशी नातं नाही. आजोबा संस्थानच्या घोडदळात होते, त्यांचे घोडे पाणी प्यायचे, एवढंच.

ताई गोरव्यातल्या एका पंपांच्या कारखान्यात तपासणी खात्यात होत्या. बाहेरचा माल बाजारात आला, कारखान्याने माणसं कमी करायला काढली, तेव्हा ताईंनी आपणहून निवृत्ती घेतली. लग्नाचं राहून गेलं होतं, भाऊ परदेशात होता. आई आदल्या वर्षी गेली होती. कोकण रेल्वे सुरू झाल्यामुळे बडोद्याहून थेट मडगावला जाता येऊ लागलं होतं, म्हणून त्या गोव्याला देवदर्शनाला गेल्या. देव राहिले बाजूला. किनाऱ्यावर कुणीतरी त्यांना विचारलं, "बाय, पाण्याखाली जातेस?" आणि ताई म्हणाल्या, "चालेल."

परत येऊन म्युनिसिपालिटीच्या तलावात सहा-सात वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभ्या राहून पोहायला शिकल्या. मग पुन्हा गोवा, रीतसर शिक्षण, परीक्षा. तेव्हापासून दर वर्षी दिवाळी झाली की ताई निघाल्या. परतल्यावर त्यांच्या गॅलरीत पापडांच्या शेजारी पायात घालायचे रबराचे दोन लांबलचक पंजे वाळत पडत. समोरच्या जसुबेन विचारत, "निर्मलाबेन, पाछां डूबवा गयां'तां?" म्हणजे, परत बुडायला गेला होतात का? ताई दोन बोटांनी गोल करून दाखवत.

पाण्यात एकट्याने उतरायचं नाही, असा या खेळाचा कायदा आहे. जोडी लागते. एकमेकांची टाकी तपासायची, खाली एकमेकांवर नजर ठेवायची, एकाची हवा संपली तर दुसऱ्याने आपली द्यायची. ताई एकट्या जात, त्यामुळे होडीवर जो कोणी सुटा सापडेल तो त्यांच्याशी जोडला जाई. ज्याला आपला श्वास द्यायचा, तो अर्ध्या तासापूर्वी भेटलेला असे. तो बिचारा नाव सांगायला हात पुढे करी. ताई म्हणत, "ओळख नंतर. आधी हवा." आणि त्याच्या टाकीचा काटा बघायला मागे जात.

हे वाक्य त्या बडोद्यातही वापरत. आमच्याकडे नवे भाडेकरू आले, त्यांनी स्कूटर लावून नमस्कार केला, तर ताई म्हणाल्या, "ओळख नंतर, आधी हवा," आणि खाली वाकून त्यांचं मागचं चाक दाबून पाहिलं. चाक खरंच बसलं होतं. ते गृहस्थ अजून ताईंना वचकून असतात.

अडचण वेगळीच होती. पाण्यातल्या सोबत्याला ताई सरळ मराठीत 'जोडीदार' म्हणत, आणि नावं लक्षात राहत नसल्यामुळे गावावरून ओळखत. भिशीच्या दिवशी सगळ्या बायका बसलेल्या असताना म्हणायच्या, "माझा गेल्या वर्षीचा जोडीदार लुधियानाचा. मनाने चांगला, पण फार लवकर संपायचा." हवा संपायची, असं त्यांना म्हणायचं असे. किंवा, "कोचीनच्या जोडीदारासारखा नाही मिळाला पुन्हा. काय शांत श्वास होता त्याचा." जसुबेनच्या हातातला ढोकळा बशीत परत जाई. एकदा त्यांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "हे सगळं यांच्या भावाला माहीत आहे ने?"

एके वर्षी माझी मुलं दिवाळीनंतर मामाकडे गेली आणि मी ताईंबरोबर गोव्याला गेले. पाण्यात उतरायला नाही, मला पोहता येत नाही. होडीत बसून बघायला. होडी हलायला लागल्यावर पुढचा बराच वेळ मी काठाला धरूनच काढला. तरी जे बघायचं ते बघितलं.

होडीचा प्रमुख सेबी नावाचा गोवेकर होता. त्याने जोड्या लावल्या. बंगलोरची दोन मुलं एकमेकांत, दिल्लीचे नवरा-बायको एकमेकांत. उरले इंदूरचे एक मराठी गृहस्थ. बांधकामाची कंत्राटं घेणारे, दारातून आडवं होऊन जावं लागेल असे. बँकॉकला शिकून आलो, असं त्यांनी होडी सुटायच्या आत सगळ्यांना सांगितलं होतं. ताईंची पिकलेली वेणी बघून ते म्हणाले, "तुम्ही बिलकुल काळजी करू नका, ताई. मी आहे तुमच्याबरोबर. मी जोशी—"

"ओळख नंतर," ताई म्हणाल्या. "आधी हवा."

जोशी निमूट पाठमोरे झाले. ताईंनी त्यांचे पट्टे ओढून बघितले, नळीतून श्वास घ्यायला लावला. त्यांनी ताईंचे बघितले तेव्हा एकच पट्टा तीन वेळा ओढला. मला वाटलं, काळजी घेताहेत. मग दोघं होडीच्या काठावर बसले आणि पाठीवर पडत पाण्यात गेले.

बाकीच्यांचे बुडबुडे लांब लांब जात राहिले. ताईंचे आणि जोशींचे एकाच जागी येत होते. मी घाबरून सेबीला खूण केली, तोवर दोन डोकी वर आली. ताईंनी डोक्यावर हात नेऊन मोठा गोल दाखवला. ठीक आहोत. त्यांचा दुसरा हात जोशींच्या हातात होता.

होडीत चढल्यावर जोशींचा चेहरा पांढरा पडलेला. सेबीने विचारलं, "किते जालें? इतक्या बेगीन वर?"

जोशींनी तोंड उघडलं, पण ताई आधी बोलल्या. "माझा कान दुखायला लागला. मीच यांना वर आणलं. चांगले खाली चालले होते बिचारे."

"तुझो कान, बाय?" सेबी म्हणाला. त्याने ताईंना इतकी वर्षं पाण्यात पाहिलं होतं.

"वय झालं ना," ताई म्हणाल्या.

जोशी पायांकडे बघत बसले. ताईंनी डब्यातून आल्याची वडी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि मुलं किती, शाळेत कुठल्या, असं सगळं विचारत बसल्या. बाकीचे वर येऊन कासव दिसल्याचं सांगू लागले, तेव्हाही त्यांनी मान वळवली नाही. किनाऱ्यावर जोशींनी त्यांची पिशवी उचलून रिक्षापर्यंत आणली. रिक्षा निघताना वाकून म्हणाले, "ताई, कानाची काळजी घ्या."

"घेते," ताई म्हणाल्या.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "कान खरंच दुखला?"

"कानाला काय धाड भरलीय. खाली गेल्याबरोबर त्यांचे डोळे असे झाले. एवढा मोठा माणूस, पण माझा हात लहान मुलासारखा धरला. बँकॉकला शिकवणारा बरोबर असेल, इथे मी. घाबरणारच ने."

"पण तुम्ही वर्षभर वाट बघितली होती. कासव राहिलं."

ताईंनी खिडकीबाहेर बघितलं. रत्नागिरीच्या अलीकडचे बोगदे चालू होते. एक गेला, दुसरा आला.

"माशांसाठी येते असं वाटतं का तुला?" त्या म्हणाल्या. "सगळीकडे मला एकटीला सोडतात. सिनेमाला जा, बँकेत जा, दवाखान्यात जा, कुणी विचारत नाही की बरोबर कोण आहे. आईच्या वेळी स्मशानातून परत आले तेव्हाही रिक्षावाल्याने एकटीला बसवलं. फक्त इथे सांगतात, बाय, एकटीला नाही सोडणार. आणि कुणालातरी शोधून आणतात."

हे त्या मजेत सांगत होत्या, सेबी कसा शोधाशोध करतो त्याची नक्कलही केली. मला हसता आलं नाही.

"गेल्या महिन्यात डोळे तपासायला गेले," त्या पुढे म्हणाल्या. "थेंब घालतात ने, मग काही दिसत नाही. नर्स म्हणाली, बरोबर कोण आलंय त्यांना बोलवा. मी म्हटलं, खाली उभे आहेत. मग बाहेर बाकावर बसून राहिले, दिसायला लागेपर्यंत."

"मला सांगायचं ना, ताई."

"तुला? तुला पोहता येत नाही."

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे पोहावं लागत नाही."

ताईंनी माझ्याकडे नीट बघितलं, पट्टे तपासताना जोशींकडे बघितलं होतं तसं. मग पुन्हा खिडकीकडे वळल्या. गाडी बोगद्यातून बाहेर आली होती. मला वाटलं, मी जास्तच बोलले.

"मंगळवारी परत बोलावलंय," शेवटी त्या म्हणाल्या. "सकाळी नऊला खाली ये. उशीर केलास तर थांबणार नाही हं."

मंगळवारी मी पावणेनऊला खाली उतरले. ताई आधीच फाटकाशी उभ्या होत्या. रिक्षा थांबवून ठेवलेली, आणि आत आपली पिशवी एका बाजूला सरकवून माझ्यासाठी जागा केलेली.